गणिताचे इंग्रजी आतून बाहेर वाचावे लागते

‘देअर आर सिक्स टाइम्स अ‍ॅज मेनी स्टुडंट्स अ‍ॅज प्रोफेसर्स.’ प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, एवढाच या वाक्याचा अर्थ. विद्यार्थ्यांची संख्या ‘वि’ आणि प्राध्यापकांची संख्या ‘प्रा’ धरून हे विधान समीकरणात लिहायचे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या जॉन क्लेमंट यांनी हा प्रश्न अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या दीडशे विद्यार्थ्यांपुढे ठेवला आणि निष्कर्ष १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत प्रसिद्ध केले. ३७ टक्के विद्यार्थ्यांचे उत्तर चुकले. चुकलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांनी एकच चूक केली होती: ६वि = प्रा. म्हणजे प्राध्यापक विद्यार्थ्यांच्या सहापट. ही मुले गणितात कच्ची नव्हती, कॅल्क्युलस शिकत होती. वाक्यातला एकही शब्द त्यांना अवघड नव्हता. म्हणूनच हा प्रयोग गणितशिक्षणाच्या अभ्यासात इतका गाजला, आणि इंग्रजीतून गणित शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांसाठी तो फार महत्त्वाचा आहे. गणितातले इंग्रजी अवघड जाते तेव्हा आपण मुलांच्या हाती शब्दांची यादी देतो: अ‍ॅडिशन म्हणजे बेरीज, न्यूमरेटर म्हणजे अंश, व्हेरिएबल म्हणजे चल. यादी हवीच, पण अडचणीचे मूळ शब्दांपेक्षा वाक्याच्या बांधणीत असते, आणि ती बांधणी कुठल्याच तासाला शिकवली जात नाही. इंग्रजीच्या तासाला ती गणिताची म्हणून बाजूला राहते, गणिताच्या तासाला भाषेची म्हणून.

एक अगदी साधे उदाहरण घेऊ. ‘द स्क्वेअर ऑफ द सम ऑफ थ्री अँड फोर.’ कानावर आधी ‘वर्ग’ पडतो, मग ‘बेरीज’, आणि संख्या सगळ्यांत शेवटी. करायचे मात्र उलट्या क्रमाने: आधी ३ आणि ४, मग त्यांची बेरीज, मग वर्ग. उत्तर ४९. जे मूल वाचत जाईल तसे करत जाईल, ते आधी वर्ग करील आणि ९ व १६ मिळवून २५ वर थांबेल. ते उत्तर ‘द सम ऑफ द स्क्वेअर्स’चे आहे. आता हेच मराठीत म्हणा: ‘३ आणि ४ यांच्या बेरजेचा वर्ग.’ मराठी वाक्य ज्या क्रमाने बोलले जाते त्याच क्रमाने कृती घडते. इंग्रजी सर्वांत बाहेरची, शेवटी करायची क्रिया आधी सांगते आणि मग ‘ऑफ’च्या एकेका पायरीने आत उतरते, मराठी आतून सुरू होऊन बाहेर येते. ‘फाइव्ह लेस दॅन अ नंबर’ यातही तेच. वाचणाऱ्याच्या हाती आधी ५ येतो, म्हणून हात आपोआप ‘५ − क्ष’ लिहितो. लिहायचे असते ‘क्ष − ५’. ‘एका संख्येपेक्षा ५ ने कमी’ म्हटले की चूक व्हायला जागाच उरत नाही, कारण संख्या आधी आली आणि ५ नंतर. ‘सबट्रॅक्ट एट फ्रॉम ट्वेंटी’ आणि ‘२० मधून ८ वजा करा’ या जोडीत तोच फरक आहे. प्राध्यापक-विद्यार्थ्यांच्या वाक्यातसुद्धा इंग्रजीत ‘सिक्स टाइम्स’च्या जवळ ‘स्टुडंट्स’ येऊन बसतात, तर मराठीत ‘प्राध्यापकांच्या सहापट’ ही जोडी ‘च्या’ने घट्ट बांधलेली असते. क्लेमंट यांच्या विद्यार्थ्यांची चूक केवळ शब्दक्रमामुळे झाली असे मात्र म्हणता येणार नाही. विद्यार्थी जास्त आहेत हे त्यांतल्या अनेकांना नीट कळले होते. ‘दर सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक’ हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी ‘६वि’ लिहिले, म्हणजे अक्षर संख्येसाठी वापरायचे सोडून माणसांच्या नावासाठी वापरले. दोन्ही कारणांचा धागा एकच आहे: वाक्यात कोणती संख्या कशाशी बांधली आहे, इकडे लक्ष गेले नाही.

ही बांधणी इंग्रजीत ज्या शब्दांवर उभी असते ते शब्द इतके लहान आहेत की शब्दांच्या यादीत त्यांना कोणी जागा देत नाही: ऑफ, बाय, टू, फ्रॉम, दॅन, इन, इंटू. दुकानावर ‘रिड्यूस्ड बाय थर्टी परसेंट’ असेल तर शंभराच्या वस्तूला ७० रुपये पडतील. ‘रिड्यूस्ड टू थर्टी परसेंट’ असेल तर ३०. मराठीत हे काम प्रत्यय करतात: किंमत ३० टक्क्यांनी उतरली, किंवा ३० टक्क्यांवर उतरली. ‘डिव्हाइड ट्वेल्व्ह इन हाफ’ म्हणजे १२ चे दोन समान भाग, उत्तर ६. ‘डिव्हाइड ट्वेल्व्ह बाय हाफ’ म्हणजे १२ ला अर्ध्याने भागणे, उत्तर २४. एका शब्दाच्या बदलाने उत्तर चौपट झाले. आणि ‘ऑफ’ हा तर उघडउघड गुणाकार आहे. आपल्या मराठी शाळांनी ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली होती. पदावली सोडवायच्या क्रमासाठी पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आलेल्या ‘कंचेभागुबेव’ या सूत्रात कंस, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी यांच्याबरोबर ‘चे’ला स्वतंत्र जागा आहे, तीही कंसाच्या लगेच मागे. ‘१२ ÷ १/२ ऑफ ६’ हे या नियमाने सोडवले तर आधी ६ चे अर्धे ३, मग १२ भागिले ३, उत्तर ४. ‘ऑफ’ पुसून तिथे गुणाकाराचे चिन्ह टाकले आणि डावीकडून उजवीकडे गेले, तर उत्तर १४४ येते. षष्ठीचा एक प्रत्यय गणितातली क्रिया म्हणून वागतो आणि भागाकाराच्या आधी मान मिळवतो, हे मुलांना सांगण्यासारखे आहे; बहुतेक ठिकाणी सूत्र तेवढे पाठ होते. इंग्रजी माध्यमात हेच सूत्र ‘बॉडमास’ म्हणून येते आणि त्यातला ‘ओ’ आपल्याकडे ‘ऑफ’चा मानतात, तर इंग्लंडमधल्या शाळांत तो ‘ऑर्डर्स’चा, म्हणजे घातांकांचा, म्हणून शिकवला जातो. तसेच ‘इंटू’चे. आपल्या वर्गात ‘थ्री इंटू फिफ्टीन’ म्हटले की ४५. इंग्लंड-अमेरिकेत ‘थ्री इंटू फिफ्टीन’ ऐकले की समोरचा १५ ला ३ ने भागून ५ सांगतो. आपण ‘वन अपॉन टू’ म्हणतो, तिकडे ‘वन ओव्हर टू’ म्हणतात. आपले इंग्रजी चुकीचे आहे असा याचा अर्थ नाही. भारतातल्या लाखो वर्गांत ते बिनचूक काम करते. शिकायला किंवा नोकरीला बाहेर जाणाऱ्याला हा फरक आधी कोणीतरी सांगितलेला असावा, एवढेच.

यावर शिकवणी वर्गांचे एक ठरलेले उत्तर आहे: खुणेचे शब्द पाठ करा. ‘मोअर’ दिसले की बेरीज, ‘लेस’ दिसले की वजाबाकी, ‘टाइम्स’ म्हणजे गुणाकार. परीक्षेत वेळ थोडा असतो, बहुतेक प्रश्न याने सुटतात, मग वाक्याच्या बांधणीत कशाला शिरायचे? युक्तिवाद तगडा आहे, कारण सोप्या प्रश्नांत ही युक्ती खरोखरच चालते. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या रिचर्ड मेयर आणि मेरी हेगार्टी यांनी ती नेमकी कुठे मोडते हे दाखवून दिले. त्यांचा एक प्रश्न असा होता: एका दुकानात लोण्याची कांडी ६५ सेंटला मिळते, ही किंमत दुसऱ्या दुकानातल्या किमतीपेक्षा २ सेंटने कमी आहे, दुसऱ्या दुकानातून अमुक कांड्या घेतल्या तर किती पैसे होतील? वाक्यात ‘लेस’ आहे, पण करायची आहे बेरीज: दुसरीकडे कांडी ६७ सेंटला आहे. खुणेचा शब्द एक क्रिया सुचवतो आणि वाक्य दुसरीच मागते, अशा ठिकाणी चुका वाढतात, हे त्यांच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसले. त्याहून बोलके होते वाचणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचालींचे मापन. ज्यांची उत्तरे चुकत, त्यांची नजर पुन्हा पुन्हा आकड्यांकडे आणि ‘लेस’, ‘मोअर’ अशा शब्दांकडे जाई. ज्यांची बरोबर येत, ते आकड्यांच्या जोडीने वस्तूंच्या नावांकडेही परत जात: कोणत्या दुकानाची किंमत, कोणापेक्षा कमी. म्हणजे खुणेच्या शब्दांची युक्ती मुलाला नेमके तेच करायला शिकवते जे चुकणारा करतो. ‘अ‍ॅट लीस्ट फाइव्ह’मध्ये ‘लीस्ट’ आहे म्हणून पाचापेक्षा लहान संख्या शोधणारे मूल याच वाटेने गेलेले असते. तिथे हव्या असतात पाच किंवा त्याहून मोठ्या. ऑस्ट्रेलियात अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ च्या सुमारास सहावीतल्या गणितात मागे पडलेल्या मुलांच्या चुका तपासल्या, तेव्हा निम्म्याच्या आसपास चुका आकडेमोड सुरू होण्याच्या आधीच घडल्या होत्या: वाचताना, अर्थ लावताना, किंवा अर्थाचे गणितात रूपांतर करताना. त्या मुलांना बेरीज-वजाबाकीची आणखी उदाहरणे घालून काय होणार?

दुसरा आक्षेप गणितज्ञांच्या बाजूने येतो, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. शब्दांचा घोळ टाळायलाच तर चिन्हे जन्मली. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्य-गणितीने १५५७ मध्ये ‘बरोबर’चे चिन्ह पहिल्यांदा छापले ते ‘इज इक्वल टू’ असे शब्द परत परत लिहिण्याचा कंटाळा येऊनच. दोन समांतर रेघांइतके एकमेकांसारखे दुसरे काय असणार, हा त्यामागचा विचार. मग मुलांना लवकरात लवकर चिन्हांकडे न्यावे आणि वाक्ये मागे सोडावीत, हे बरे नाही का? बरे असते, जर चिन्हांना बोलावे लागले नसते. पण वर्गात शिक्षक फळ्यावर लिहिता लिहिता बोलतात, फोनवर मित्र मित्राला सूत्र सांगतो, आणि चिन्ह पुन्हा भाषेत येते. ‘वन ओव्हर एक्स प्लस वन’ ऐकल्यावर छेदात काय आहे, नुसते क्ष की ‘क्ष + १’? कागदावर आडवी रेघ जिथे संपते तिथे उत्तर असते. आवाजात ती रेघ नाही. डोळस माणूस फळ्याकडे बघून निभावून नेतो. ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी हा प्रश्न रोजचा आहे, आणि म्हणूनच त्यावरचे सर्वांत बारकाईचे काम अंध गणितज्ञांनी केले. अब्राहम नेमेथ हे जन्मांध अमेरिकन गणितज्ञ. गणितासाठी त्यांनी घडवलेली ब्रेल लिपी १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही वापरात आहे. डोळस वाचकाने आपल्याला गणित कसे वाचून दाखवावे याचेही नियम त्यांनी बसवले: अपूर्णांक कुठे सुरू झाला ते बोलायचे, रेघ कुठे आली ते बोलायचे, अपूर्णांक कुठे संपला तेही बोलायचे. म्हणजे ‘अपूर्णांक सुरू, एक, छेद, क्ष अधिक एक, अपूर्णांक समाप्त’. ऐकायला रुक्ष, पण चुकीला वाव नाही. याच वाटेवर पुढे गेलेले नाव पुण्याचे आहे. टी. व्ही. रामन चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गमावल्यावर पुणे विद्यापीठातून गणित आणि आयआयटी मुंबईतून संगणकशास्त्र शिकले, आणि १९९४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी ‘अ‍ॅस्टर’ ही प्रणाली प्रबंध म्हणून सादर केली. ती गणिती मजकूर नुसता वाचत नसे. घातांक आला की आवाजाची पट्टी बदले, आणि ऐकणाऱ्याला लांबलचक पदावली एका दमात न ऐकता तुकड्यातुकड्याने, वरच्या पातळीवरून आत उतरत ऐकता येई. पदावली म्हणजे शब्दांची माळ नसून आत आत गेलेली रचना असते, हे त्या आवाजातून कळते. गणिताचे वाक्य वाचताना डोळस मुलांनाही नेमके हेच उमजायला हवे.

मग मराठीतूनच का शिकवू नये? वरच्या उदाहरणांवरून तर मराठी वाक्य अधिक सरळ दिसते. मराठी माध्यमाच्या बाजूने ही गोष्ट मोठी आहे आणि तिचा उच्चार फार कमी होतो, हे मी मोकळेपणाने मान्य करीन. पण महाराष्ट्रात ‘सेमी इंग्रजी’ची वाट घेतलेल्या शाळांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे मराठीतून शिकवले जाते, आणि तिथल्या मुलांच्या हाती इंग्रजी वाक्येच पडतात, मराठी माध्यमातली मुलेही बारावी-पदवीच्या टप्प्यावर त्याच वाक्यांपाशी येतात. शिवाय प्रत्येक बाबतीत मराठीचा क्रम सोपा नसतो. ‘ट्वेंटी वन’मध्ये दशक आधी येते, लिहितानाही आधी २ आणि मग १. ‘एकवीस’मध्ये एकक आधी. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे संख्यावाचन दिले तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी लहान मुलांची हीच अडचण पुढे करून बदलाची बाजू मांडली होती. तो बदल योग्य होता की नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय. दोन भाषांपैकी एक निवडून हा प्रश्न मिटत नाही, एवढे त्या वादातून दिसते. ज्या मुलाजवळ दोन्ही आहेत त्याच्याजवळ खरे तर एक साधन आहे, जे फक्त इंग्रजी येणाऱ्या मुलाजवळ नसते: इंग्रजी वाक्य मराठीत मांडून बघणे. मांडताना शब्दाला शब्द ठेवता येत नाही, वाक्य उलटून घ्यावेच लागते, आणि त्या उलटण्यातच कोण कोणाशी बांधलेले आहे याचा निकाल लागतो. ‘फाइव्ह लेस दॅन ट्वाइस अ नंबर’ मराठीत आणायचे तर ‘एका संख्येच्या दुपटीपेक्षा ५ ने कमी’ म्हणावे लागेल, आणि तिथेच ‘२क्ष − ५’ तयार असते. सेमी इंग्रजीच्या अनेक वर्गांत गणिताच्या तासाला मराठी बोलायला बंदी असते. इंग्रजी पक्के व्हावे हा हेतू चांगला आहे, पण त्या बंदीने मुलाच्या हातातले सर्वांत उपयोगी अवजार काढून घेतले जाते. यासाठी वेळ कुठून आणायचा, असे शिक्षक विचारतील आणि त्यांचे विचारणे रास्त आहे. रोजच्या दहा उदाहरणांपैकी दोन न सोडवता नुसती वाचून घेतली, त्यांचे मराठीत वाक्य आणि मग समीकरण करवून घेतले, आणि एखादी सोपी संख्या घालून ते पडताळले, तर वेगळ्या तासिकेची गरज पडणार नाही.

शाळा संपल्यावरही ही वाक्ये सुटत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला आणि आपल्याकडे ‘पाव टक्का कपात’ अशा बातम्या आल्या. ६.५० चा पाव टक्का काढला तर तो ०.०२ सुद्धा भरत नाही. इथे पाव टक्का हा दराचा भाग नसून दोन दरांमधले अंतर आहे. इंग्रजीत त्याला ‘पर्सेंटेज पॉइंट’ असा वेगळा शब्द आहे, आणि दराच्या प्रमाणात ही घट जवळजवळ ४ टक्क्यांची होती. ‘थ्री टाइम्स मोअर’ वाचून कोणी मूळच्या तिप्पट समजतो, कोणी मूळ अधिक तिप्पट म्हणजे चौपट. आणि आपणही ‘तिप्पट झाले’ असे स्वच्छ म्हणायचे सोडून ‘तिपटीने वाढले’ लिहू लागलो आहोत. संदर्भाने अर्थ कळतोच, असे म्हटले जाते, आणि कर्जाचा हप्ता भरणाऱ्याला तो बहुधा कळतो. पण संदर्भ हातात नसतो तेव्हा काय होते, हे ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनने पाहिले. औषध-सुरक्षेच्या सरकारी समितीने इशारा दिला की नव्या, तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. वर्तमानपत्रांत ते ‘१०० टक्के वाढ’ असे गेले. कशाच्या दुप्पट, हे वाक्यात नव्हते. जुनी गोळी घेणाऱ्या ७,००० स्त्रियांमध्ये साधारण एकीला गुठळी होत असे, नवी घेणाऱ्या ७,००० मध्ये दोघींना. दुप्पट हा शब्द अगदी खरा होता, पण धास्तावलेल्या असंख्य स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या. त्याच्या पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० जास्तीचे गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. ज्या धोक्याला भिऊन त्या स्त्रियांनी गोळी सोडली, तो गर्भारपणात आणि गर्भपातात त्या गोळीपेक्षा अधिक असतो.